सव्वापाचचा फुगा

४ मार्च

घुम्या,

अक्षर ओळखून पत्र बाजूला सारू नकोस. हे कामाचं पत्र आहे. पत्ता तुझ्या लेकीकडून घेतला. तिला रागवू नकोस, आत्याने गोड बोलून काढून घेतला. ती फोन नंबरही देत होती, मीच नको म्हटलं. फोनवर तू गप्प बसणार आणि मी तुझं गप्प बसणं ऐकत राहणार, तेवढ्यासाठी फोन कशाला हवा?

तर काम असं. या एकतीस तारखेला मी वेधशाळेतून निवृत्त होते आहे. जाण्याआधी जुनी कागदपत्रं लावून द्यायची आहेत, कारण पुढच्या महिन्यात सगळी रजिस्टरं संगणकावर चढणार. त्यात एक फाइल आहे, आकाशात काहीतरी विचित्र दिसलं असं कळवणाऱ्या लोकांच्या अर्जांची. आम्ही तिला तबकडी फाइल म्हणतो. चौदा वर्षांपूर्वीचा तुझा अर्ज तिच्यात एकोणिसावा आहे आणि तो अपुरा आहे. वस्तू चंदेरी, गोल, चपटी. शाळेच्या गच्चीवरून नैर्ऋत्येला दिसली. अकरा मिनिटं एका जागी थांबली. एवढंच लिहिलंयस. गणिताच्या मास्तराने इतका त्रोटक अर्ज करावा याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

म्हणून विचारते. आवाज होता का? कड रेखीव होती की पुसट? अगदी स्थिर होती की किंचित डुलत होती, पाण्यावर ठेवलेल्या ताटलीसारखी? गेली कशी, सरकत की विझत? चार ओळींत उत्तर लिही, पोस्टकार्ड पुरेल. तब्येतीचं वगैरे लिहायची गरज नाही.

ताई

ता. क. बघताना पाय जड झाले होते का? हा प्रश्न अर्जात नाही, सहज विचारला.


९ मार्च

घुम्या,

पाच दिवस झाले. टपालाला वेळ लागतो हे मला कळतं, तरी रोज दोनदा खाली जाऊन पेटी बघून येते. खालच्या मजल्यावरची शिंपीणबाई आज दारातच उभी होती. म्हणाली, "काय हो ताई, कुणाच्या पत्राची एवढी वाट बघताय? या वयात?" मी म्हटलं, "ऑफिसचं आहे." ती तोंडाला पदर लावून हसली.

घरात बसवत नाही. काल स्वयंपाकघरातल्या सगळ्या बरण्या रिकाम्या करून धुतल्या. धुऊन झाल्यावर कुठल्या बरणीत काय होतं तेच आठवेना, म्हणून सगळं तसंच ओट्यावर पिशव्यांत पडलंय. आज पडदे काढले. उद्या काय काढीन सांगता येत नाही.

बरं, सांगून टाकते. कामाचं पत्र नव्हतं ते. मला दिसली.

हस हवं तर. हसायचा पहिला मान तुझाच आहे.

सोमवारी, तीन तारखेला. माझं संध्याकाळचं काम तू कितीदा पाहिलंयस. सुती कपडे घालायचे, कारण फुग्यात हायड्रोजन असतो आणि त्याला एक ठिणगी पुरते. फुगाघरात फुगा फुगवायचा, अंगणात आणायचा, घड्याळात सव्वापाच झाले की सोडायचा, आणि मग दुर्बिणीला डोळा लावून दर मिनिटाला तो कुठं आहे त्याचे कोन लिहायचे. वर वारा कुठून कुठं वाहतो ते त्यावरून काढायचं. तेहतीस वर्षं हेच केलं. त्या दिवशीही फुगा हातात धरून उभी होते, दोरा बोटाला गुंडाळलेला, आणि सवयीने आकाशावर नजर फिरवली. पाण्याच्या टाकीच्या वर, हातभर डावीकडे, ती होती. गोल, चपटी, चंदेरी. थांबलेली.

मला काय काय आठवलं असेल सांग. आपली ठरलेली उत्तरं आठवली, जी मी लोकांना देते. ग्रह? एवढ्या उजेडात ग्रह दिसत नाही. विमान? विमान थांबत नाही. फुगा? फुगा माझ्या हातात होता.

पहारेकरी पलीकडेच झाडाला पाणी घालत होता. मी त्याला नुसतं बोटाने दाखवलं. त्याने मान वर केली, डोळे बारीक केले, आणि म्हणाला, "सोडा की बाई, वाट कसली बघताय? वारा तर काहीच नाही." म्हणजे त्याला दिसली नाही. किंवा दिसली आणि तो माझ्यासारखाच गप्प बसला.

मी घड्याळ लावलं. चार मिनिटं. मग नव्हती. फुगा सहा मिनिटं उशिरा सोडला. रजिस्टरमध्ये हात सवयीने ५.१५ लिहून बसला. मग आमच्या नियमाप्रमाणे त्यावर एकच रेघ मारली. आमच्याकडे खोडरबर चालत नाही, वरून गिरवणं चालत नाही. खालचा चुकीचा आकडा वाचता आला पाहिजे, शेजारी खरा आकडा, त्यापुढे सही आणि तारीख. शेवटच्या रकान्यात पडताळणाऱ्याची सही. तोही नियम जुना आहे आणि मला आवडतो: पडताळणारा साहेब असायला नको, पण त्या वेळी त्याने आकाश पाहिलेलं असलं पाहिजे. म्हणून आमच्याकडे वर्षानुवर्षं पहारेकरी सही करतो. त्याने केली. उशिराचं कारण मी लिहिलं नाही.

दुपारी माळ्यावरून जुनी रजिस्टरं उतरवली होती. डोळ्यांत धूळ गेली असेल, असंही मनाला सांगून पाहिलं.

आता त्या फाइलीबद्दल सांगते, कारण ती तू कधी पाहिली नाहीस. सेहेचाळीस अर्ज आहेत. पहिली काही वर्षं मी सगळ्यांना एकच छापील उत्तर पाठवायचे. मग एकदा बँकेचा एक दरवान आला. अर्ज हातात घेऊन दोन तास बाकावर बसून होता. त्याला मी विचारलं, "ती वस्तू काय करत होती?" तर म्हणाला, "काही नाही हो बाई. माझ्याकडे बघत होती." दिवसभर शेकडो माणसं त्याच्यासमोरून ये-जा करतात. मी छापील उत्तर खणात ठेवलं आणि त्याला विचारलं, त्या दिवशी घरी काय झालं होतं? तो प्रश्न अर्जात नाही. पण त्यानंतर प्रत्येकाला विचारत गेले, आणि लोक सांगत गेले, जणू त्यासाठीच आले होते. एका बाईला दोन दिवे शेजारी शेजारी थांबलेले दिसले. तिचा नवरा त्या आठवड्यात दुसरीकडे राहायला गेला होता. एका म्हाताऱ्या छपाईवाल्याची वस्तू फक्त त्याच्याच गच्चीवर आली. त्याची मुलगी परदेशातून सहा महिने बोलली नव्हती.

मला वेड्यात काढायचे नाहीत ते लोक, आणि मीही त्यांना काढत नव्हते. खोटं कुणीच बोलत नव्हतं. फक्त एक गोष्ट मला दिसत गेली. कुणाचीही तबकडी नुसती निघून जात नाही. येते, आणि त्याच्यापाशी थांबते. आपल्यापाशी थांबायला कुणी नाही म्हणून माणूस तळमळत असतो, ती नेमकं तेच करते.

हे सगळं शहाणपण मी इतरांवर वापरलं. सोमवारपासून ते माझ्यावर चालेनासं झालंय. एवढं बोलायला दुसरं कुणी नाही, म्हणून तुला लिहिते. उत्तर दे.

ताई


१५ मार्च

घुम्या,

तू लिहिणार नाहीस. लहानपणी आईचा आरसा फोडलास तेव्हाही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास, आणि मार मी खाल्ला.

तुला वाटत असेल, ताई आता निवृत्त होते आहे, एकटी पडणार, म्हणून तबकडीचं निमित्त काढून जवळ येते आहे. तसं काही नाही. मला अजून राग आहे. नाकाने कांदे सोलते म्हण, काहीही म्हण. पण एकदा सगळं ओळीने लिहू दे, म्हणजे मला झोप लागेल.

आई होती ते हॉस्पिटल तुझ्या शाळेपासून दहा मिनिटं, माझ्या वेधशाळेपासून बारा. साडेचारला तुझी शाळा सुटायची. पावणेपाचला तू येणार, मी निघणार, सव्वापाचला फुगा सोडणार, सातला परत येणार. सोळा दिवस आपण हे घड्याळासारखं केलं. खोलीच्या दारात एकमेकांना भेटायचो, तू विचारायचास, "काही खाल्लं का तिने?" आणि मी चपला घालत सांगायचे. सतराव्या दिवशी, नऊ फेब्रुवारीला, तू आला नाहीस.

पावणेपाच. पाच. पाच वाजून दहा मिनिटं. तिचा श्वास तुला आठवत असेल, तो घशातला आवाज. मधेच थांबायचा, आणि आपणही थांबायचो. तिने तीनदा विचारलं, "तो आला का?" पाच पस्तीसला तिने विचारणं बंद केलं. नर्सने तिचे डोळे मिटले, चादर नीट केली आणि मला म्हणाली, "घरचं दुसरं कुणी आहे का?" मी म्हटलं, "येतोय."

पावणेसहाला तू आलास. धापा टाकत. दारातूनच म्हणालास, "ताई, मी आत्ता काय पाहिलं सांगू..." आणि मग तुला पलंग दिसला.

तुझ्या चेहऱ्यावर उजेड होता, घुम्या. त्या उजेडाबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. आई इथे जात होती आणि तू गच्चीवर आ वासून आकाश बघत होतास. यापुढे तबकडी खरी की खोटी याला माझ्या लेखी काय अर्थ होता?

पुढचं तुला माहीत आहे. तू शिक्षकांच्या खोलीत बोललास, तिथून ते वर्तमानपत्रात गेलं, वार्ताहराने वेधशाळेला विचारलं आणि वेधशाळेने लेखी खुलासा दिला की संबंधित शिक्षकांनी पाहिलेली वस्तू म्हणजे आमच्याकडून रोज सोडला जाणारा फुगा होय. खाली माझी सही. सख्ख्या बहिणीची सही, म्हटल्यावर बातमीला आणखी रंग चढला. मुलांनी तुझ्या टेबलावर स्टीलची ताटली आणून ठेवली. तू तबकडी सर झालास. पालक म्हणाले, ज्याला फुगा ओळखता येत नाही तो आमच्या मुलांना भूमिती काय शिकवणार? तुझे वर्ग काढून तुला प्रयोगशाळेच्या कपाटांच्या किल्ल्या दिल्या. दोन वर्षं तू त्या किल्ल्या सांभाळल्यास. मग सामानाचा ट्रक आला. मी समोरच्या बस थांब्यावर उभी होते, तुला दिसले नसेन. तुझी लेक गुडघ्यांवर पृथ्वीचा गोल घेऊन पुढच्या सीटवर बसली होती.

एवढ्या काळात तू एकदाही म्हणाला नाहीस की ताईचं चुकतंय. मी त्याचा अर्थ असा लावला की तुला तोंड नव्हतं.

आता हे सगळं लिहून परत वाचलं. यात एक गोष्ट जुळत नाही. तू गणिताचा माणूस, तुझ्या ती केव्हाच लक्षात आली असेल. मी इथेच थांबते, पोस्ट बंद व्हायच्या आत हे टाकते, नाहीतर फाडीन.

ताई


१६ मार्च

घुम्या,

मी हॉस्पिटलात होते. मग फुगा कुणी सोडला?

कुणीच नाही. त्या दिवशी फुगा सोडलाच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वेधशाळेत गेले. घरी माणसं जमली होती, त्यांना सांगितलं की रजेचा अर्ज देऊन येते. रजिस्टर उघडलं तर नऊ तारखेची ओळ कोरी. तिथे एवढंच लिहायचं होतं की फुगा सोडला नाही, कारण आई गेली. साहेबांनी वर मान करूनही बघितलं नसतं. पण ते वाक्य माझ्याने लिहवेना. तोपर्यंत ते कुठंच लिहिलेलं नव्हतं. आकडे लिहिता येत होते, म्हणून आकडे लिहिले. आदल्या दिवशीचे कोन घेतले, अर्धा अंश इकडे, पाव अंश तिकडे, अठ्ठावीस मिनिटांचा फुगा कागदावर उडवला. आमच्या धंद्यात याहून मोठं पाप नाही. पहारेकऱ्याला सही करायला सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून शेवटचा रकाना तसाच राहिला. त्याबद्दलही कुणी विचारलं नाही.

मग वार्ताहर आला. साहेबांनी मला बोलावलं. "बाई, नऊ तारखेला सव्वापाचला फुगा आपलाच ना?" मी म्हटलं, "हो."

एवढा एक शब्द. तो मी भीतीने म्हटला असता तर आतापर्यंत स्वतःशी मिटवून टाकलं असतं. मी तो रागाने म्हटला. खोटं पकडलं जाईल म्हणून नाही. तुझ्याकडे ती तबकडी सोडली तर काही नव्हतं, तीही राहू नये म्हणून. आणि कुणी जरा डोकं चालवलं असतं तर कळलं असतं की माझा कागदावरचा फुगाही ईशान्येला गेला होता आणि तू नैर्ऋत्येला बघत होतास. कुणी डोकं चालवलं नाही. बहिणीची सही होती ना.

तीन मार्चला दुपारी ते रजिस्टर माळ्यावरून खाली आलं आणि नेमकं तेच पान उघडलं. संध्याकाळी मला ती दिसली. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच असेल. किंवा नसेल. मला कळत नाही, आणि कळत नाही म्हणायची मला सवय नाही.

अजून एक. आईने तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी तिला खोटं सांगितलं. म्हटलं, "आलाय, खाली आहे, जिना चढतोय." ती जिन्याच्या बाजूला मान वळवून पडली होती. म्हणजे तिच्या लेखी तू आला होतास. हे तुला सांगायला हवं होतं. तेव्हाच सांगायला हवं होतं, आणि मी ते चौदा वर्षं मुठीत धरून बसले, कारण ते कळल्यावर तुझं दुःख हलकं झालं असतं.

लिहू नकोस हवं तर. तुला हे ठाऊक असावं एवढंच हवं होतं.

ताई


२८ मार्च

घुम्या,

तुझं पत्र मंगळवारी आलं. चौकटीच्या वहीचं एक पान, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. शिंपीणबाईनेच वर आणून दिलं आणि म्हणाली, "घ्या, आलं तुमचं ऑफिस." मी जिन्यातच बसून वाचलं. ती पाण्याचा तांब्या घेऊन आली तेव्हा मला कळलं की मी रडते आहे.

चार दिवस ते पान घेऊन घरभर फिरते आहे. तू लिहिलंयस, "ताई, मला माहीत होतं. शाळेच्या गच्चीवरून तुझं फुगाघर दिसतं. मी रोज बघायचो. त्या दिवशी सव्वापाच होऊन गेले तरी दार बंद होतं. म्हणजे तू आईजवळ अडकली होतीस, माझी वाट बघत."

हे वाक्य मी किती वेळा वाचलं असेल. तुला माहीत होतं. खुलाशाच्या दिवशी माहीत होतं, टेबलावर ताटली ठेवली त्या दिवशी माहीत होतं, दोन वर्षं किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून हिंडत होतास तेव्हा माहीत होतं. एक वाक्य बोलला असतास तर मी तोंडघशी पडले असते आणि तू सुटला असतास. का नाही बोललास, तेही लिहिलंयस: "तुझी नोकरी गेली असती. आणि आईजवळ तू होतीस, मी नव्हतो. मला काय तोंड होतं भांडायला?"

म्हणजे मी लावलेला अर्थ अगदीच चुकीचा नव्हता. फक्त तू कशाबद्दल गप्प होतास ते मला कळलं नव्हतं.

आणि पुढचं. "मी रोज गच्चीवर जायचो. तो श्वासाचा आवाज ऐकण्याआधी पाच मिनिटं हवी असायची. त्या दिवशी पाच मिनिटांनी पाय निघेनात. तुझं दार बंद बघून शेवटी जिन्याकडे वळलो, आणि ते थांबलेलं दिसलं. मला वाटलं, हे जोवर आहे तोवर तिकडे काही होणार नाही. म्हणून नजर काढली नाही. गेलं तेव्हा मला वाटलं, आता आई बरी होणार. तेच सांगायला धावत आलो होतो. उजेड कसला, ताई, मी धावत आलो होतो."

घुम्या रे.

तो एक प्रश्न मी तुझ्यानंतरच्या सगळ्यांना विचारला. दरवानाला विचारला, छपाईवाल्याला विचारला, अनोळखी माणसांसमोर चहा ठेवून विचारला. तुला तेवढा विचारला नाही. मला वाटायचं, तुझ्या घरी त्या दिवशी काय झालं होतं हे मला माहीतच आहे. तेच तर माझंही घर होतं.

माझ्या प्रश्नांची उत्तरंही तू शेवटी इमानदारीत लिहिलीस, क्रमाने, मास्तरासारखी. आवाज नव्हता. कड पुसट होती. किंचित डुलत होती. सरकली नाही, विझली. पाय जड झाले होते. माझीही अगदी तशीच होती. यावरून काय सिद्ध होतं म्हणून विचारशील तर काहीच नाही. आपण एकाच आईची मुलं आहोत, एवढं सिद्ध होतं, आणि ते आधीच ठाऊक होतं.

तबकडी फाइलीत मी सत्तेचाळिसावा अर्ज लावला आहे. माझा. त्या दिवशी घरी काय झालं होतं, हा प्रश्न हाताने खाली घातला आणि त्याच्यापुढे लिहिलं: जुनं रजिस्टर उघडलं होतं.

आता ऑफिसचं सांगते. आमच्या नव्या साहेब, मुलीच्या वयाच्या आहेत, मला ताईच म्हणतात. बुधवारी त्यांच्यापुढे ते रजिस्टर ठेवलं आणि सगळं सांगितलं. त्यांनी आधी दार लावलं. मग म्हणाल्या, "ताई, झाकली मूठ सव्वा लाखाची. चार दिवस राहिलेत तुमचे. चौदा वर्षांपूर्वीचा एक फुगा, कोण विचारतंय?"

"मी विचारतेय."

"मला वर कळवावं लागेल. चौकशी लागली तर निरोप समारंभसुद्धा होणार नाही. हॉल सांगून झालाय."

"त्या हॉलमध्ये तुम्ही म्हणणार की तेहतीस वर्षांत बाईंचा एक फुगा चुकला नाही. ते मी खुर्चीत बसून ऐकायचं का?"

त्यांनी दोन-तीनदा पेनची उघडझाप केली. मग म्हणाल्या, "मी सुद्धा एकदा पावसाचा आकडा अंदाजाने लिहिलाय," आणि लगेच, "हे तुम्ही ऐकलं नाहीत." त्यांनी वर कळवलं आहे. समारंभ रद्द झाला. चौकशी लागेल म्हणतात, लागू दे. हात दाखवून अवलक्षण म्हणतील, म्हणू दे. वर्तमानपत्राला मी माझ्या सहीने पत्र दिलं आहे, छापतील की नाही माहीत नाही. शाळेत स्वतः गेले. तुझ्यानंतरचे तिसरे मुख्याध्यापक आहेत आता, त्यांना तू कोण तेच ठाऊक नव्हतं. त्यांना बसवून पहिल्यापासून सांगितलं. परवानगी घेऊन गच्चीवरही गेले. कठड्याशी उभी राहिले. फुगाघराचं दार खरंच दिसतं, कडी घातली आहे की नाही तेसुद्धा दिसतं. तिथून हॉस्पिटलची तिसऱ्या मजल्याची, आईच्या खोलीची खिडकी दिसते, हे मात्र तू लिहिलं नाहीस.

मला अजून थोडा राग आहे. तो एका पत्राने जायचा नाही आणि तुझाही जायचा नाही. माझ्यामुळे तुझं जे गेलं ते मी परत आणू शकत नाही. पण आमच्या धंद्यात चूक कशी दुरुस्त करायची ते ठरलेलं आहे, आणि तेवढं मला येतं.

आज दुपारी ते केलं. नऊ फेब्रुवारीच्या ओळीवर एक रेघ मारली, पट्टी लावून, सरळ. खालचे खोटे आकडे वाचता येतात, ते तसेच राहतील आणि तसेच संगणकावर चढतील. शेजारी लिहिलं: फुगा सोडला नाही. निरीक्षक आईजवळ होती. पुढे सही, आजची तारीख. मग शेऱ्याच्या रकान्यात: आकाशात नैर्ऋत्येस एक वस्तू, अकरा मिनिटं, स्थिर. फुगा नव्हे.

राहिला शेवटचा रकाना, पडताळणीचा. चौदा वर्षं कोरा आहे. साहेब म्हणाल्या, मी करते सही. पहारेकरीही म्हणाला, करतो. मी दोघांना नियम दाखवला. पडताळणाऱ्याने त्या वेळी आकाश पाहिलेलं असलं पाहिजे. नऊ फेब्रुवारीला सव्वापाचला या गावात आकाश बघणारा माझ्या माहितीचा एकच माणूस आहे.

सोमवारी एकतीस तारीख, म्हणून हे पत्र टपालाने नाही, कुरिअरने पाठवते आहे, उद्या तुझ्या हातात पडेल. रजिस्टर संध्याकाळी सहापर्यंत माझ्या ताब्यात आहे. माझा शेवटचा फुगा त्या दिवशी सव्वापाचला सोडायचा आहे, आणि सोडायला दोन हात कमी पडतात असं मी कधी कुणाला म्हटलेलं नाही.

येताना सुती कपडे घाल. आणि शाळेच्या रस्त्याने ये, पण गच्चीवर चढू नकोस. सरळ ये.

ताई